सांधा का जुळत नाही?

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची वसाहत आहे. कानडी भाषेत ‘गुडी’ म्हणजे देऊळ. बसवाचे, म्हणजेच नंदीचे, देऊळ जेथे आहे ती ही वसाहत. एकाच पाषाणातून घडविलेला तेथील नंदी सुमारे साडेचार मीटर उंच व सहा मीटर लांब आहे. देवळाच्या शेजारीच ‘ब्यूगल रॉक’ नावाचा अतिप्राचीन खडक भूपृष्ठातून वर आलेला दिसतो. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली आणि जुन्या पेठांतील दाटी कमी व्हावी म्हणून सरळ, रुंद रस्ते आखून ही वसाहत वसविण्यात आली. अशा रीतीने एकाच परिसरात दोन भूमिती शेजारी नांदत आहेत: एक दोरी धरून आखलेली माणसाची, दुसरी कोणत्याही दोरीला न जुमानणारी निसर्गाची.

या परिसराची प्रतिकृती संगणकावरील खेळासाठी उभारावी, असे एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात आले, अशी कल्पना करू. यात नवल काही नाही. १९९३ सालचा ‘डूम’ आणि १९९६ सालचा ‘क्वेक’ या खेळांपासून, खेळणाऱ्यांनीच नवे नकाशे बांधण्याचा छंद जगभर पसरला आहे. आपला विद्यार्थी रस्ते आखतो, घरे उभी करतो, देवळाचे प्राकार रचतो. परंतु खेळ सुरू करताच दोन भिंतींच्या मधून केसाएवढी फट दिसू लागते. अंगणाची फरशी लुकलुकते. आणि एका कोपऱ्यात खेळाडू जमिनीतून आरपार कोसळतो. आराखडा तर डोळ्यांना निर्दोष दिसतो. मग चूक कोठे आहे?

पहिले कारण संख्येत आहे. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. १/२, १/४, १/८ हे अपूर्णांक त्याला तंतोतंत लिहिता येतात. पण १/१० ही संख्या त्या पद्धतीत कधीच पूर्ण होत नाही, जशी १/३ ही संख्या आपल्या दशमान पद्धतीत पूर्ण होत नाही. म्हणून ०.१ दहा वेळा मिळविले असता नेहमीच्या ६४ अंकस्थानांच्या गणितात बेरीज १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. खेळांत बहुधा ३२ अंकस्थानांचीच संख्या वापरतात आणि आरंभबिंदूपासून दूर जावे तसतशी तिची सूक्ष्मता घटत जाते. आरंभबिंदूपासून एक लाख मीटरांवर लगतच्या दोन संख्यांमधील अंतर जवळजवळ ८ मिलिमीटर होते. त्याहून बारीक फरक तेथे लिहिताच येत नाही.

यावर उपाय म्हणजे जाळी. गवंडी सुतळी ताणल्यावाचून वीट ठेवीत नाही. त्याचप्रमाणे नकाशा बांधणाऱ्याने प्रत्येक शिरोबिंदू ठरावीक जाळीच्या छेदनबिंदूवरच ठेवावा. जाळीचे माप ६४, ३२, १६, ८ असे दोनाच्या पटीतले असावे आणि आरंभबिंदू रचनेच्या मध्याजवळ असावा.

पण रस्ता तिरका असेल तर? दहा मापांची भिंत ४५ अंशांतून वळविली तर तिचे टोक दोन्ही दिशांना ७.०७१… इतक्या अंतरावर, म्हणजे जाळीबाहेर पडते. येथे शाळेतील ३, ४, ५ या भुजांचा त्रिकोण उपयोगी पडतो. दहा बाय पाचचे घर त्या त्रिकोणाच्या उताराने वळविले असता त्याचे कोपरे (०, ०), (८, ६), (५, १०) आणि (–३, ४) या बिंदूंवर येतात. घर तिरके झाले, काटकोन टिकले आणि चारही कोपरे जाळीवरच राहिले!

दुसरे कारण सांध्यांच्या रचनेत आहे. एका लांब भिंतीच्या कडेवर मध्येच दुसऱ्या भिंतीचा कोपरा येऊन टेकला, तर लांब कडेला त्या बिंदूची दखलच नसते. दोन्ही बाजूंची आकडेमोड निरनिराळी होऊन ठिपक्यांएवढी छिद्रे उरतात. अशा ठिकाणी लांब कडेवरही तोच शिरोबिंदू घालावा. याउलट दोन पृष्ठे एकाच प्रतलात एकमेकांवर आली, तर पुढचे कोणते हे संगणकाला ठरविता येत नाही आणि फरशी लुकलुकते. तेथे एक पृष्ठ काढून टाकणे हाच खरा उपाय होय.

ब्यूगल रॉकसारखा खडक बांधताना तिसरी अडचण येते. चार बिंदूंपैकी एक वर उचलला की चारही बिंदू एका प्रतलात राहतीलच असे नाही. तीन बिंदू मात्र नेहमी एका प्रतलात असतात. तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, ती याच कारणाने. म्हणून खडकाचे पृष्ठ त्रिकोणांनीच झाकावे आणि शेजारच्या त्रिकोणांना शिरोबिंदू सामाईक असावेत.

एवढे करूनही छिद्र राहिले तर? ‘क्वेक’च्या नकाशात बाहेरच्या पोकळीकडे जाणारी वाट राहिली, तर नकाशा सिद्ध करणारी आज्ञावली आतल्या एखाद्या वस्तूपासून त्या छिद्रातून बाहेर जाणारी रेषाच आखून देते. नवशिका अशा वेळी संपूर्ण नकाशाभोवती एक मोठी पेटी बांधून मोकळा होतो. इशारा थांबतो, पण छिद्र तसेच राहते. शिवाय कधीच न दिसणारी बाहेरची पृष्ठेही संगणकाला वागवावी लागतात.

याच बंगळूरच्या भूमीवर या बाबतीतला एक जुना धडा गिरविला गेला आहे. विल्यम लँब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा काळजीपूर्वक मोजली आणि तिच्यापासून त्रिकोणांची साखळी पश्चिमेकडे नेली. सुमारे तीनशे किलोमीटर अंतर कापल्यावर, १८०४ साली, बंगळूरजवळ दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. कित्येक मैल लांबीच्या त्या रेषेचे गणिताने आलेले माप आणि प्रत्यक्ष माप यांत थोड्या इंचांचाच फरक निघाला. तो फरक दडविण्यासाठी नव्हे, तर शोधण्यासाठीच दुसरी रेषा मोजली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या विद्यार्थ्यानेही तेच करावे. देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालून, प्रत्येक भिंतीचे माप मिळवीत, निघाल्या बिंदूवर परत यावे. बेरीज शून्य न आल्यास शेवटच्या फटीत ठिगळ लावू नये. ज्या भिंतीपासून चूक सुरू झाली तेथवर मागे जावे. फट शेवटच्या सांध्यात दिसते, पण ती बहुधा पहिल्या रेषेतच पडलेली असते.