वाटी रिकामी, तरी बाळ उपाशी

सात-आठ महिन्यांच्या बाळाला आई तांदळाची पातळ पेज पाजते. वाटी संपते, बाळ तोंड फिरवतं. पोट भरलं, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. ते भरलेलं असतं पाण्यानं.

बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाला जेमतेम दोनशे मिलिलिटर. या वयात आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात, वर्षानंतर साडेपाचशेच्या आसपास. पातळ पेजेत त्या मिळत नाहीत आणि पेज घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही. घरात दाणे असूनही मूल वाळत जातं, ते अनेकदा या पेचामुळे.

तो सोडवणारी वस्तू मराठी घरांना जुनी ओळखीची आहे: मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. शिजल्यावर पाणी शोषून फुगणारं पिष्ट ते तोडतं. घट्ट खीर चुलीवरून उतरवून जरा निवू द्यायची आणि त्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळायचं. पाण्याचा थेंबही न घालता ती पाहता पाहता सैल होते. वाटी तेवढीच, पण आतलं धान्य कितीतरी जास्त. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. वरून चमचाभर तेल सोडलं की आणखी ४० कॅलरी. इतकं स्वस्त औषध दुसरं नसेल.

मूल तीव्र कुपोषित झालं, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, की मात्र घरची खीर पुरत नाही. अशा मुलांसाठी १९९६ साली फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआँ आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं यांचं चाटण तयार केलं. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी. त्यात पाणी नसल्यामुळे जंतू सहज वाढत नाहीत, शिजवावंही लागत नाही. २००५च्या नायजरमधल्या अन्नटंचाईत हजारो मुलांवर याच पुड्यांनी घरच्या घरी उपचार झाले.

महाराष्ट्रात हे काम ग्राम बाल विकास केंद्रांकडे आहे. तिथे तीव्र कुपोषित मुलांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवलं जातं. बाकी मुलांसाठी अंगणवाडीच्या पूरक आहाराचं प्रमाण दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे. पण तीन वर्षांखालच्यांचा आहार पाकिटातून घरी जातो, आणि घरात चार भावंडं असली की त्याचे चार वाटे होतात. उपाशी घरात आईनं दुसरं करावं तरी काय? तिला दोष देण्यात अर्थ नाही; पाकीट पोहोचलं म्हणजे बाळ जेवलं, असं कागदावर धरून चालणं मात्र चूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कमी वजनाची आढळली.

ज्यांच्या घरात बाळ आहे, त्यांनी सहा महिने पूर्ण होताच वरचं खाणं सुरू करावं. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतकं ते घट्ट असावं आणि दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचं वजन करून घ्यावं.