चौघांची टीम, पण गुण कोणाचे?

अमेरिकेतल्या भाच्याचा ‘मॅथकाउंट्स’चं पदक घातलेला फोटो फॅमिली ग्रुपवर आला की इकडे बऱ्याच जणांचा समज होतो, आपल्या स्कॉलरशिपसारखीच परीक्षा असणार, फक्त चौघांनी मिळून दिलेली. दोन्ही अंदाज चुकतात.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १९८३ साली सुरू झालेल्या या गणितस्पर्धेत गोल रंगवायला पर्यायच नसतात. उत्तर स्वतः काढायचं आणि लिहायचं. पायऱ्यांना गुण नाहीत, चुकलं तर वजाही होत नाहीत.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘टीम’ या शब्दाभोवती आहे. चौघं डोकं लावून एकत्र बसतात ती जेमतेम वीस मिनिटं, दहा प्रश्नांसाठी. त्याआधी स्प्रिंट फेरी: ४० मिनिटांत ३० प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. मग टार्गेट फेरी: प्रश्नांच्या चार जोड्या, दर जोडीला सहा मिनिटं, इथे कॅल्क्युलेटर चालतो. या दोन्ही फेऱ्या ज्याच्या त्याने एकट्याने द्यायच्या. स्प्रिंटला प्रत्येकी एक गुण, टार्गेटला दोन, एकूण ४६. टीमचे गुण म्हणजे चौघांच्या या गुणांची सरासरी, अधिक टीम फेरीतल्या प्रत्येक बरोबर उत्तराचे दोन. म्हणजे ६६ पैकी ४६ गुण तोंड मिटूनच कमवायचे!

मग एक हुशार मुलगा टीमला तारून नेईल? समजा चौघांना ३६, ३०, २८ आणि २२ गुण पडले. सरासरी २९. टीम फेरीत सात उत्तरं बरोबर, म्हणजे आणखी १४, एकूण ४३. पहिल्याने ३६ ऐवजी पैकीच्या पैकी मिळवले, तरी टीमचे वाढतात फक्त अडीच. टीम फेरीत एकच उत्तर जास्त आलं तरी दोन वाढतात. एखाद्या शाळेची टीम तिघांचीच असेल तरीही बेरजेला चारनेच भागतात. नियम कडक आहे, पण मला तो योग्य वाटतो.

टीम फेरीतही वेगापेक्षा तपासणी महत्त्वाची. समजा प्रश्न आला: १ ते १०० मधल्या किती संख्यांत ७ हा अंक येतो? एक जण झटकन म्हणेल, वीस; एककस्थानी दहा, दशकस्थानी दहा. दुसऱ्याने थांबवायला हवं: ‘अरे, ७७ दोनदा मोजलास.’ उत्तर १९. वीस लिहिलं तर शून्य. आणि तपासतात फक्त कॅप्टनची उत्तरपत्रिका. बाकीच्यांनी आपल्या कागदावर काय लिहिलं, त्याला किंमत नाही.

अकरावी-बारावीचं गणित आधीच उरकायला हवं, हाही पालकांचा लाडका समज. कॅल्क्युलस लागत नाही. विभाज्यता, मोजणी, संभाव्यता, भूमिती आणि बीजगणित पक्कं हवं.

या स्पर्धेच्या व्हिडिओत दिसते ती काउंटडाउन फेरी, दर प्रश्नाला जास्तीत जास्त पंचेचाळीस सेकंद. समोरासमोर, आधी बरोबर सांगेल तो पुढे. राष्ट्रीय पातळीवर वैयक्तिक विजेता तिथेच ठरतो, पण टीमच्या गुणांत तिचा काडीचाही वाटा नाही. राष्ट्रीय पातळीवरची टीमसुद्धा शाळेची नसते. राज्यातले पहिले चार जण मिळून ती बनते. राज्यस्पर्धेत एकमेकांना मागे टाकायला निघालेली मुलं पुढे एकाच टेबलावर बसतात.