वड्याचं तेल वांग्यावर: बाजारातला राग घरात का निघतो?

सोयाबीनचा भाव पडलेला. लाईट रात्रीची, म्हणून पाणी द्यायला जागरण. त्यात सोसायटीची नोटीस. हा राग व्यापाऱ्यावर निघत नाही, साहेबावर निघत नाही. तो घरी निघतो, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. पोरं कोपऱ्यात गप्प बसतात आणि नवरा-बायकोत चार दिवस अबोला.

असं का होतं?
राग आला की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं. छाती धडधडते, मुठी आवळतात. अशा वेळी समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. शरीर शांत व्हायला साधारण २० मिनिटं तरी लागतात. म्हणून भांडणाचा निकाल त्याच क्षणी लावायला जाऊ नये. शिवाय रागाच्या खाली बहुतेकदा दुसरंच काही असतं: हप्त्याची भीती, चारचौघांतली लाज किंवा नुसता थकवा.

काय करावं?
• सांगून बाजूला व्हा. "आत्ता डोकं तापलंय, जनावरांना वैरण टाकून येतो, मग बोलू." न सांगता निघून गेलं तर समोरच्याला तो अपमान वाटतो.
• बाहेर जाऊन तेच भांडण मनात घोळवू नका. श्वास हळूहळू सोडा, थोडं चाला.
• परत येऊन खरं कारण बोला. "तू नेहमी अशीच" यापेक्षा "हप्ता कसा भरायचा याची भीती वाटतेय" हे घरातल्यांना कळतं.
• बाईमाणूसही दिवसभर शेतात राबून चुलीपुढं बसते. तिचाही राग ऐकून घ्या. लगेच सल्ला देऊ नका.
• दारू पिऊन हिशेबाचं बोलणं काढू नका. दारूनं ताबा आणखी सुटतो.

मारहाण मात्र 'राग आला म्हणून' माफ होत नाही. तो गुन्हा आहे. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर आहेत.

झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटू लागलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून २४ तास चालते, मराठीतही बोलता येतं. घरात असं कोणी असेल तर फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि त्याला एकटं सोडू नका.

भाव आपल्या हातात नाही. पण घरात पाय ठेवताना "आज बाजारात मन खट्टू झालंय" एवढं सांगणं आपल्या हातात आहे.