चित्रकाराचे दप्तर

जालना हे निजामाच्या अमदानीपासून व्यापाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अजूनही येथे अभिमानाने सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिकंदराबाद-मनमाड रेल्वेने हे गाव मोठ्या बाजारांना जोडले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. पुढे लोखंडी सळयांचे कारखाने उभे राहिले. आणि १ मे १९८१ रोजी जालना हे जिल्ह्याचे ठाणे झाल्यावर सरकारी कचेऱ्यांचीही भर पडली. ज्या गावात मोसंबीपासून सळईपर्यंत प्रत्येक जिनसेला भाव आहे, अडत आहे आणि वजनकाटा आहे, त्या गावात हाताने रंगविलेल्या चित्राला मात्र ठरलेली पेठ नाही. येथला चित्रकार बहुधा शाळेत चित्रकला शिकवितो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवितो, किंवा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवीत असे आणि फ्लेक्स आल्यापासून तेही काम गमावून बसला आहे. त्याच्या घरी कपाटामागे टेकून ठेवलेली वीस-पंचवीस चित्रे असतात, आणि ती विकावी कशी हे ना त्याला कोणी शिकविलेले असते, ना ते विचारणे त्याला प्रशस्त वाटते. कारण कलेचा बाजार मांडू नये, हा संस्कार आपल्याकडे कलावंताइतकाच त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही मनात खोल रुजलेला आहे.

या संस्काराला इतिहासाचा आधार मात्र फारसा नाही, आणि त्याची साक्ष याच जिल्ह्याच्या मातीत मिळते. केळणा नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानहून, अर्थात पैठणहून, उज्जयिनीकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे संपन्न नगर होते, आणि सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आढळतात. १९७३ साली येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा अवशेष हाती लागला. इटलीतील पॉम्पेई येथे, इ.स. ७९ मधील ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली आणि १९३८ मध्ये उजेडात आलेली जी प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्ती आहे, तिच्याशी या अवशेषाची घडण इतकी मिळतीजुळती दिसली की, ती मूर्ती मुळात याच परिसरात कोरली गेली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. हे मत निर्विवाद नाही. परंतु भारतीय कारागिरांची कृती समुद्रापार जात होती आणि तिला मोल मिळत होते, एवढे तर त्यावरून निश्चित दिसते. दात्यांची नावे दगडावर राहिली, कारागिराचे नाव मात्र कोठेच राहिले नाही. आजच्या चित्रकाराची गोष्ट नेमकी येथे वेगळी होते, कारण आज चित्राला जो भाव येतो, तो मोठ्या प्रमाणावर नावाला येतो, आणि नाव टिकते ते कागदोपत्री.

राजाश्रय संपून चित्रकार लोकांच्या दारी कसा आला, हे पाहावयाचे तर राजा रविवर्म्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सयाजीराव गायकवाडांसाठी त्याने चौदा पौराणिक चित्रे रंगविली, ती बडोद्याच्या महालात गेली, आणि त्याचा मोबदलाही त्याला राजाला शोभेल असाच मिळाला. परंतु त्याच्या चित्रांना मागणी इतकी होती की एकट्या हाताने ती पुरी करणे अशक्य होते, म्हणून काही निवडक चित्रांच्या छापील प्रती काढाव्या, असा सल्ला तंजावरच्या मराठी परंपरेतले आणि त्रावणकोर व बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव यांनी त्याला दिला. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, प्लेगच्या साथीनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलविला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देवघरात जाऊन बसल्या. छापखाना मात्र तोट्यात गेला, आणि अखेर तो, चित्रे छापण्याच्या हक्कांसह, फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्र एकदा विकता येते आणि त्याची प्रतिकृती हजारदा, हे रविवर्म्याने ओळखले. पण प्रतिकृतीचा हक्क हातून गेला की कीर्ती एकाकडे आणि उत्पन्न दुसऱ्याकडे जाते, हेही त्याच्याच व्यवहारातून दिसले.

मराठी चित्रकारांनी हा धडा आपल्या रीतीने गिरविला. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक स्वतःच काढला, आणि रघुवीर मुळगावकरांनीही आपल्या चित्रांसाठी ‘रत्नप्रभा’सारखी स्वतःची नियतकालिके उभी केली. ज्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला मूळ तैलचित्र घेणे परवडणारे नव्हते, त्याने मुखपृष्ठ कापून चौकटीत बसविले आणि भिंतीवर लावले. चित्र विकत घेण्याची सवय नसली तरी चित्राची आवड आपल्या समाजात किती होती, याचे याहून चांगले प्रमाण कोणते द्यावे?

मूळ चित्राची पेठ मुंबईत आकाराला आली, तीही हळूहळू आणि अगदी थोड्या लोकांच्या जोरावर. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तेव्हा त्यांना हात देणाऱ्यांत युरोपातून येथे आलेले लँगहॅमर, श्लेझिंगर आणि फॉन लायडन हे तिघे ठळकपणे दिसतात. केकू गांधी यांचा व्यवसाय चौकटी करण्याचा होता. चौकटीच्या दुकानात नव्या चित्रकारांची चित्रे लावता लावता १९६३ मध्ये त्यांनी केमोल्ड कलादालन उघडले. १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाची रीत निराळी आहे. खाजगी दालन विक्रीवर अडत घेते, आणि ती तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असू शकते. जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः आठवड्याचे भाडे भरतो, त्यामुळे विक्री झाली तर लाभ त्याचा आणि न झाली तर भुर्दंडही त्याचाच, शिवाय तारीख मिळण्यासाठी दीर्घ काळ वाट पाहावी लागते ती वेगळीच. जालन्याहून मुंबईला जाणाऱ्याने भाड्यात चौकटी, चित्रांची ने-आण, मुक्काम आणि छापील पत्रिका यांचा खर्च मिळवून मगच निर्णय करावा.

यातूनच किंमत ठरविण्याचा प्रश्न पुढे येतो, आणि नवख्या चित्रकाराची फसगत बहुधा येथेच होते. एक सोपी आणि रूढ पद्धत क्षेत्रफळाची आहे. समजा, चित्र १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच आहे, म्हणजे ४३२ चौरस इंच. दर चौरस इंचास २० रुपये धरला, तर किंमत ८,६४० रुपये होते आणि चौकटीचे पैसे वेगळे. दालनाची अडत ४० टक्के असेल, तर त्यातले ३,४५६ रुपये दालनाकडे जातात आणि चित्रकाराच्या हाती ५,१८४ रुपये पडतात. त्यातून कॅनव्हास, रंग आणि प्रवास वजा केल्यावर त्याच्या महिन्याभराच्या श्रमाचे काय उरते, हे त्याने वहीत मांडून पाहावे आणि दर त्यावरून ठरवावा. दालनात एक भाव आणि घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला निम्मा भाव, ही चाल कधीही ठेवू नये. असे दोन भाव उघडकीस यायला वेळ लागत नाही, आणि मग दालनही दुरावते व जुने गिऱ्हाईकही. ‘भाऊ, घरचेच आहात, काही कमी-जास्त करा,’ असा आग्रह जालन्यात होणारच. त्यावर भाव न मोडता रक्कम दोन-तीन हप्त्यांत घेण्याची तयारी दाखवावी, किंवा त्याच विषयाचे लहान जलरंगचित्र पुढे करावे, हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

परंतु अनोळखी चित्रकाराला कोणी पैसे का द्यावेत? याचे उत्तर जालन्याच्या बियाण्यांच्या दुकानात आहे. शेतकरी पिशवीतले दाणे पाहून पिकाची खात्री करून घेऊ शकत नाही; तो विश्वास ठेवतो तो पिशवीला लावलेल्या टॅगवर, ज्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि तपासणीची तारीख छापलेली असते, आणि काही बिनसले तर तो क्रमांक घेऊन कोणाकडे जावयाचे, हे त्याला ठाऊक असते. चित्राच्या पाठीलाही तसाच टॅग हवा. कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर चित्राचे शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि सही नीट लिहावी. कागदावरचे जलरंगचित्र असेल तर पाठीमागे फक्त पेन्सिलने लिहावे, कारण बॉलपेनचा दाब आणि शाई पुढच्या बाजूला उमटते. चित्रासोबत चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र आणि रीतसर पावती द्यावी, आणि स्वतःच्या नोंदवहीत प्रत्येक चित्राला क्रमांक देऊन ते कोणाला, कोणत्या तारखेला आणि कितीला गेले, हे टिपून ठेवावे. शक्य तर चित्राचे चांगल्या उजेडात काढलेले छायाचित्रही त्याच नोंदीशी जोडावे. इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर चित्र पाहून दूरचे गिऱ्हाईक चौकशी करते, तेव्हा त्याला हीच माहिती सर्वप्रथम हवी असते. हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटीचा दर सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्याचीही नोंद पावती करताना घ्यावी.

नोंदी आणि पावत्या हा चित्रकाराच्या दप्तराचा पहिला भाग झाला; दुसरा भाग कायद्याचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणजे त्याचे सर्व हक्क विकले, असे होत नाही. कॅनव्हास खरेदीदाराचा होतो, पण चित्राची प्रतिकृती छापण्याचा हक्क लेखी करार करून दिल्याखेरीज चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे. म्हणून एखाद्या कंपनीने दिनदर्शिकेसाठी चित्र मागितले, तर किती प्रती, किती वर्षे आणि किती मोबदला, हे तीन मुद्दे कागदावर आल्यावाचून चित्र हातून सोडू नये. मात्र एक खाच ध्यानात ठेवली पाहिजे. एखाद्या शेटजींनी दिवंगत वडिलांचे व्यक्तिचित्र पैसे देऊन काढून घेतले असेल, आणि करार काहीच नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचे पहिले मालक शेटजी ठरतात. जालन्यात व्यक्तिचित्रांची कामे करणाऱ्यांनी इसार स्वीकारतानाच चार ओळींचा करार करून ठेवावा, तो याचसाठी. हक्क विकल्यावरही चित्रकाराचा कृतीवरचा मान संपत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम केला.

याच कायद्याच्या ५३-अ कलमात आणखी एक तरतूद आहे. मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीचा हिस्सा, कमाल १० टक्के, मागता येतो. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे १९५४ मधील ‘ग्राम यात्रा’ हे चित्र त्याच वर्षी एका डॉक्टरने दिल्लीत घेतले, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला गेले. तो सौदा परदेशात झाला असल्याने आपला कायदा तेथे पोहोचत नाही, आणि आपल्या देशातही हे कलम क्वचितच वापरले जाते. पण ज्याच्याजवळ विकलेल्या चित्रांची यादीच नाही, त्याला आपले चित्र कोठे फिरते आहे हे कळणार कसे, आणि हिस्सा मागणार तरी कोणाकडे?

आता गिऱ्हाइकाचा विचार. जालन्यात नव्या बंगल्यांना, डॉक्टरांच्या दवाखान्यांना, बियाणे कंपन्यांच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या कार्यालयांना रिकाम्या भिंती आहेत. राजूरच्या गणपतीला आणि समर्थांच्या जांबेला जाणारे भाविक आहेत, ज्यांना छापील तसबिरीहून वेगळे काही दाखविले तर ते पाहतील तरी. आपण मुंबईच्या समीक्षकाची वाट पाहतो आणि आपल्याच गल्लीतल्या डॉक्टरांना कधी चित्र दाखवीत नाही, ही चूक थोड्याबहुत फरकाने पुष्कळ चित्रकारांकडून होते. शाळेच्या सभागृहात दिवाळीपूर्वी चार दिवसांचे प्रदर्शन भरवावे, प्रत्येक चित्राखाली किंमत स्पष्ट लिहावी, आणि आलेल्या प्रत्येकाचे नाव व फोन नंबर नोंदवून घ्यावा. विकत न घेणाऱ्यांपैकीही काहींना पुढच्या वर्षी बोलावणे पाठविता येते, आणि वारंवार पाहिलेले चित्रच माणूस अखेर विकत घेतो. प्रोग्रेसिव्ह मंडळींची सुरुवातही दोन-तीन घरांवर झाली होती, हे विसरू नये.

अशा रीतीने आठ-दहा चित्रे जिल्ह्यात विकली गेली, त्यांच्या पावत्या आणि नोंदी नीट राहिल्या, म्हणजे मुंबई-पुण्याची वाट मोकळी होते. जालन्याचा व्यापारी पहिल्यांदा परमुलखात माल पाठविताना आपली वही आणि आपली पत बरोबर घेऊन जातो. चित्रकारही विकलेल्या चित्रांची यादी घेऊन दालनात शिरला, की भावाची बोलणी दालनवाला सुरू करीत नाही, ती चित्रकाराला सुरू करता येतात.