हप्त्याच्या पावतीमागे

आयुर्विमा महामंडळ 1956 साली स्थापन झालं. त्या दशकाच्या शेवटी तिथे आलेली पंच कार्डांची यंत्रं 1980च्या दशकात निघाली, मग शाखांमध्ये संगणक बसले. यंत्रं बदलली, पण पॉलिसी वीस-पंचवीस वर्षं चालते आणि तिच्या अटी काढल्या दिवशीच्याच राहतात. म्हणून नव्या बिलिंग सॉफ्टवेअरलाही जुना हिशेब यावाच लागतो: मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस 15, तिमाही-सहामाही-वार्षिकला 30.

खरी कसोटी कराची. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. टर्म विम्यावर 18 टक्के, एंडोमेंटवर पहिल्या वर्षी 4.5, पुढे 2.25. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर शून्य! दर वेगळ्या तक्त्यात असेल तर एक ओळ बदलून भागतं. तो जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्येच ठिकठिकाणी लिहिलेला असेल तर प्रत्येक जागा शोधत बसायचं, आणि लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला.

म्हणून जुनी प्रणाली एका रात्रीत बंद करत नाहीत. दोन्ही शेजारी-शेजारी चालवून त्याच महिन्याची बिलं पैशापर्यंत ताडून पाहतात. वेळखाऊ काम, पण चुकीची नोटीस घेऊन शाखेत आलेल्या आजोबांना समजावण्यापेक्षा सोपं.