मोफत लस हा उपकार नव्हे!

न्यूमोकोकस हा जंतू तान्ह्या बाळांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो. त्यावरची पीसीव्ही लस वर्षानुवर्षे खासगी दवाखान्यांत हजारो रुपये मोजणाऱ्यांच्याच लेकरांना मिळत होती. २०२१ पासून महाराष्ट्रात ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. हे कोणाचे उपकार नव्हेत. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे कलम ४७ बजावते.

डोस तीन : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कोल्हापूरच्या फडावर आलेल्या ऊसतोड मजुरांच्या बाळांचा पुढचा डोस स्थलांतरात चुकतो. बांधवांनो, लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवा, जवळच्या आरोग्य केंद्रात जा. परजिल्ह्यातले म्हणून कोणी परत पाठवले, तर कार्यकर्त्यांनी त्या मातेसोबत उभे राहिले पाहिजे. हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.