डिलिव्हरी फास्ट झाली, पण कार्यक्षम झाली का? हे मोजतात कसं?

ॲपवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसलं की आपण मिनिटं मोजायला लागतो. पण शहरातली डिलिव्हरी किती कार्यक्षम आहे, हे नुसत्या मिनिटांवरून कळत नाही. त्यासाठी हे चार आकडे बघा:

१. पहिल्याच प्रयत्नात किती पार्सलं पोचली?
२. एका किलोमीटरमागे किती पोचली?
३. गाडी किती भरलेली होती? अर्धा रिकामा टेम्पोही जवळपास तेवढंच डिझेल खातो.
४. प्रत्येक थांब्यावर किती वेळ गेला? पार्किंग, गेटवरची नोंद, लिफ्ट, ‘सर, कुठे येऊ?’ असे फोन, सगळं यात आलं.

आता एक गणित करू. समजा, रायडर ६० पार्सलं घेऊन निघाला, ४० किलोमीटर फिरला आणि ४८ पोचवली. म्हणजे यश ८० टक्के, किलोमीटरमागे १.२ पार्सलं. त्याच रस्त्यावर ५६ पोचली असती, तर हाच आकडा १.४ झाला असता. पेट्रोल तेवढंच! उरलेल्या १२ पार्सलांसाठी उद्या परत चक्कर. आणि जिथे पोचलेल्या पार्सलामागेच पैसे मिळतात, तिथे आजची फुकटची चक्कर रायडरच्या खिशातून जाते.

झटपट डिलिव्हरीचंही असंच आहे. एका फेरीत एकच ऑर्डर असेल, तर ती तुमच्याकडे लवकर येते, पण फेरीचा सगळा खर्च त्या एकाच पिशवीवर पडतो.

गाडी अडते कुठे? बऱ्याचदा पत्त्यावर. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून आलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पण त्याचे सहा अंक पोस्ट ऑफिसच्या हद्दीपर्यंतच नेतात, दारापर्यंत नाही. म्हणून टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. यात साधारण ४ बाय ४ मीटरच्या प्रत्येक चौकोनाला अक्षरं आणि अंक मिळून १० चिन्हांचा कोड आहे. तरी तो मजला सांगत नाही. एकाच चौकोनात दहा मजले असू शकतात!

म्हणून आजच ॲप उघडा. मॅपवरचा पिन बरोबर गेटवर ठेवा. विंग, मजला, फ्लॅट नंबर भरा. घरी नसाल तर दिवस आधीच बदला. घाई नसेल तर दोन ऑर्डरी एकत्र मागवा. वरचे आकडे कंपनी मोजते, पण त्यातले निदान दोन तुमच्या फोनवरून सुधारतात.